पगाराआधी विश्रांतीचे तास विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की गोव्यात बोटीच्या नोकरीची चर्चा घरोघरी सुरू होते. सासष्टी-बार्देशात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता पेडणे, डिचोली, फोंडा, सत्तरीतूनही मुले चौकशी करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जाहिरातीत पांढरा गणवेश असतो, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असतात आणि मागे कॅरिबियनचे निळे पाणी. पालकांचे दोन प्रश्न ठरलेले: पगार किती, सुट्टी किती. चोवीस तासांत सलग झोप किती मिळणार, हे मात्र कोणी विचारत नाही. कॅरिबियन फेरीवरच्या डेक अधिकाऱ्याची नोकरी सुखाची होणार की जिवावर बेतणार, हे बहुतांशी त्या उत्तरावर ठरते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण अर्धवट माहितीवर मुलाच्या आयुष्याचा निर्णय घेतला जाऊ नये असे मनापासून वाटते.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. क्रूझ जहाजावर हॉटेल विभागातल्या काही हुद्द्यांनाही ‘ऑफिसर’ म्हणतात आणि त्यांनाही पट्ट्या मिळतात. स्वागतकक्ष, हिशेब, खानपान ही कामे मानाची आणि कष्टाची आहेत. गोव्यातल्या हजारो घरांच्या चुली त्यांवर पेटल्या आहेत. पण जहाज चालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या डेक किंवा इंजिन अधिकाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र, म्हणजे सीओसी, असावेच लागते. सहा महिन्यांच्या हॉस्पिटॅलिटी कोर्सने ते मिळत नाही. ‘क्रूझवर ऑफिसर’ अशी जाहिरात दिसली की हा कोर्स सीओसीकडे नेतो का, एवढेच विचारावे. पुढे लिहिले आहे ते मुख्यतः डेक अधिकाऱ्याबद्दल.

मालवाहू जहाज एकदा खोल समुद्रात शिरले की दहा-पंधरा दिवस दिनक्रम बदलत नाही. चार तास वॉच, म्हणजे जहाज सांभाळण्याची पाळी, आठ तास मोकळे. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा अशा तीन पाळ्या, दिवसातून दोनदा. झोपेची वेळ शरीराला कळते. मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स किंवा पोर्ट कनॅव्हरलहून सुटणाऱ्या सात दिवसांच्या कॅरिबियन फेरीत मात्र तीन-चार बंदरे लागतात: पूर्वेकडे सेंट थॉमस, फिलिप्सबर्ग, सान हुआन, पश्चिमेकडे कोझुमेल, ग्रँड केमन, रोआतान. बहामाच्या तीन-चार दिवसांच्या फेऱ्यांत तर जवळपास रोज बंदर. प्रवाशाला हवे असते तेच: रात्री प्रवास, सकाळी नवे बेट. अधिकाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक बंदर म्हणजे पायलट (बंदराचा वाटाड्या) घेणे, दोर बांधणे, शिडीवरची सुरक्षा, संध्याकाळी दोर सोडणे आणि पुन्हा पायलट उतरवणे. वॉचचे आठ तास चुकत नाहीत; ही कामे त्यांवर चढतात.

बारा ते चार पाळीच्या सेकंड ऑफिसरचा एक दिवस मांडून पाहू. मध्यरात्री ते पहाटे चार ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, वॉच. सहा ते साडेसात जहाज धक्क्याला लागताना पाठीमागच्या दोरांवर हजेरी. दहा ते साडेअकरा आग आणि जहाजत्यागाची कवायत. दुपारी बारा ते चार पुन्हा वॉच. साडेचार ते साडेपाच दोर सोडायला हजर. कामाची बेरीज बारा तास, म्हणजे विश्रांतीही बारा तास. कागदावर वाईट दिसत नाही.

आता नियम पाहा. एसटीसीडब्ल्यू करार (खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि वॉच यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आणि सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, या दोन्हींनुसार कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. हे १० तास जास्तीत जास्त दोनच तुकड्यांत हवेत, त्यांतला एक तुकडा किमान ६ तासांचा हवा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. वरच्या दिवसात विश्रांतीचे तुकडे पडतात ते असे: पहाटे २ तास, सकाळी अडीच तास, दुपारी बाराच्या आधी अर्धा, चारनंतर अर्धा आणि साडेपाच ते मध्यरात्र साडेसहा तास. अर्ध्या-अर्ध्या तासाची सवड विश्रांतीत धरत नाहीत. मोठे दोन तुकडे घेतले तरी साडेसहा अधिक अडीच, म्हणजे ९ तास. नियमभंग झाला. आणि अशी सलग तीन बंदरे आली की तिसऱ्या रात्री दोन वाजता ब्रिजवर उभा असलेला माणूस डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो.

उपाय अवघड नाहीत, मात्र त्यांना माणसे लागतात. त्याला सकाळच्या दोरांवरून मोकळे केले तर पहाटे चार ते दहा असे सलग ६ तास मिळतात आणि संध्याकाळचे साडेसहा तास तसेच राहतात. किंवा कवायतीतून त्या दिवशी सूट दिली तर साडेसात ते बारा असे साडेचार तास मिळतात. साडेसहा आणि साडेचार, अकरा. कवायती विश्रांती कमीत कमी मोडेल अशा रीतीने घ्याव्यात, असे करारातच म्हटले आहे. ज्या जहाजावर प्रत्येक वॉचला दोन अधिकारी असतात आणि दोरांसाठी वेगळे माणूस असते, तिथे हा हिशेब जुळतो. जिथे नसते, तिथे तो कागदावर जुळवला जातो.

तो कसा जुळवतात, हेही सांगायला हवे. विश्रांतीची नोंद आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. नियम मोडला की चौकोन लाल होतो. लाल चौकोन वर गेला की कंपनी खुलासा मागते, म्हणून कोणीतरी नवख्या थर्ड ऑफिसरला ‘साडेसहाला आलास असे टाक’ म्हणून सुचवते. कधी आठवडाभराचे तास आधीच भरून ठेवलेले असतात. हे पकडणे सोपे आहे: बंदरातला तपासनीस विश्रांतीची नोंद, ब्रिजचे लॉगबुक आणि कवायतीची यादी शेजारी शेजारी ठेवतो. लॉगबुकात सहा वाजता पायलट चढला, पाठीमागच्या दोरांवर अमुक अधिकारी, असे असते आणि त्याच वेळी तो अधिकारी विश्रांतीत दाखवलेला असतो. खोट्या नोंदीवर सही अधिकाऱ्याची असते, तेव्हा जाबही त्यालाच विचारला जातो. खरी नोंद करावी, दर महिन्याची सही केलेली प्रत मागून घ्यावी. ती मिळणे हा त्याचा हक्क आहे.

बंदरात जहाज लावताना एवढे काय असते, असे किनाऱ्यावरून वाटते. क्रूझ जहाज पाण्याखाली साडेआठ-नऊ मीटर आणि पाण्यावर दहा-पंधरा मजले असते. समजा वाऱ्याला भिडणारी बाजू १०,००० चौरस मीटर आहे. आडव्या बाजूने २५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा आला तर सुमारे शंभर टनांचा दाब जहाजाला धक्क्यावर लोटतो किंवा धक्क्यापासून दूर ढकलतो. वारा ३० नॉट झाला की तो दाब दीडशे टनांच्या घरात जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. कॅरिबियनमध्ये पूर्वेचे व्यापारी वारे हिवाळ्यात अनेकदा २० ते २५ नॉट असतात, म्हणजे जहाज रोजच त्या सीमेजवळ वावरते. बो थ्रस्टरची, म्हणजे नाळेला आडवे ढकलणाऱ्या पंख्याची, ताकद ठरलेली असते. वाऱ्याचा दाब तिच्या वर गेला की बंदर सोडून द्यायचे. हा निर्णय कॅप्टन घेतो, पण त्यासाठीचे आकडे, वाऱ्याचा अंदाज, प्रवाहाची दिशा, वळायला लागणारी जागा, हे नेव्हिगेशन पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आदल्या दिवशीच मांडून ठेवलेले असतात. कोझुमेलला धक्क्याच्या कडेने उत्तरेकडे वाहणारा प्रवाह असतो. कोस्टा मायाचा धक्का उघड्या समुद्रावर आहे; तिथे वाऱ्यामुळे थांबा रद्द होणे नवे नाही. पायलट असला तरी तो सल्लागार. त्याच्या प्रत्येक आज्ञेनंतर सुकाणू त्या बाजूला खरोखर वळले का, हे वॉचच्या अधिकाऱ्याने दर्शकावर पाहायचे असते.

ग्रँड केमनला मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जॉर्जटाउन हे तिथले बंदर बेटाच्या पश्चिम बाजूला आहे, त्यामुळे पूर्वेच्या वाऱ्यात तिथे पाणी शांत. पण हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट उतरली की वारा वायव्येचा होतो आणि तीच जागा उघडी पडते. मग दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स या ठिकाणी जायचे, नाहीतर पुढे निघायचे. लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, माणसे उतरवताना धोका समुद्रात नसतो, जहाजाच्या पायरीवर असतो. लांब लाटेने बोट मीटरभर वरखाली होते, पायरी स्थिर असते, आणि मध्ये सत्तरीतल्या आजी. पायरीवर दोन्ही बाजूंना एकेक खलाशी हवा, पाऊल टाकण्याची वेळ त्याने सांगायची, प्रवाशाने मनगटाला मनगट धरायचे. पायरीवरचा अधिकारी ‘थांबवा’ म्हणाला की काम थांबलेच पाहिजे. प्रवासी कुरकुरतात, खालून पर्यटनवाले विचारत राहतात, आणि तिथे पंचविशीतला अधिकारी एकटा उभा असतो. या नोकरीत ठामपणा कमावावा लागतो तो अशा ठिकाणी.

लाइफबोटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कनिष्ठ अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य तिच्याभोवती जाते आणि समुद्रातले अनेक जीवघेणे अपघात खऱ्या संकटात नव्हे, तर कवायतीत झाले आहेत. नेहमीची मोठी लाइफबोट दीडशे माणसांपर्यंतची असते. जहाज सोडण्याचा इशारा झाला आणि माणसे जाकिटे घालून जमली की सगळ्या बोटी ३० मिनिटांत उतरवता आल्या पाहिजेत, असा सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराचा दंडक आहे. प्रवासी जहाजावर कवायत दर आठवड्याला. प्रत्येक बोट किमान तीन महिन्यांतून एकदा पाण्यात उतरवून चालवायची. इंजिन दर आठवड्याला एकूण तीन मिनिटे तरी चालवून पाहायचे.

बोट दोन तारदोरांवर लटकते, पुढे एक, मागे एक. त्यांच्या टोकाला हुक असतात आणि ते आतून एकाच कळीने सुटतात. बोट परत वर घेताना हुक पुन्हा बसवावे लागतात. हुक बसल्यासारखा दिसतो, पण आतला कॅम (हुक अडकवून धरणारा फिरता तुकडा) पूर्ण फिरलेला नसतो. वजन आले, हिसका बसला की सुटतो, आणि एकच हुक सुटला तर बोट दुसऱ्यावर उभी लोंबकळते. म्हणून पद्धत अशी: हुक लावले की बोट पाण्यापासून जेमतेम अर्धा मीटर उचलायची आणि थांबायचे. दोन्ही हुकांवरच्या खुणा जुळल्या का, सेफ्टी पिन बसली का, हे प्रत्येक हुकावरच्या माणसाने डोळ्यांनी पाहून तोंडाने सांगायचे. मगच वर. वर येताना बोटीत कमीत कमी माणसे. शेवटचा टप्पा आणखी नाजूक. डेव्हिटचा, म्हणजे बोट पेलणाऱ्या सांगाड्याचा, हात जागेवर येण्याआधी लिमिट स्विचने मोटर बंद व्हायला हवी. स्विच खाऱ्या हवेने अडकला असेल तर मोटर ओढतच राहते आणि तारदोर तुटतो. उचलायला सुरुवात करण्यापूर्वी तो स्विच हाताने दाबून मोटर थांबते का ते पाहायचे, आणि शेवटचे काही सेंटिमीटर हँडलने घ्यायचे. दोन मिनिटांचे काम आहे. घाईच्या दिवशी नेमके तेच टाळले जाते.

तारदोर तपासणेही शिकावे लागते. १० फेब्रुवारी २०१३ रोजी कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथे थॉमसन मॅजेस्टी या जहाजाची लाइफबोट कवायतीत वर घेताना पुढचा तारदोर तुटून सुमारे वीस मीटर खाली पडली. पाच जण गेले. तार बदलण्याची मुदत संपलेली नव्हती. ती तुटली तिथे, जिथे बोट जागेवर असताना तार वरच्या कप्पीवर वाकून बसलेली असते. ग्रीसचा ब्रश तिथवर पोचत नाही, मीठ आणि ओल तिथेच साचते, बाहेरून ग्रीस चकचकीत आणि आत गंज. नियम दर पाच वर्षांनी तार बदला म्हणतो, किंवा त्याआधी खराब झाली तर तेव्हा. ‘किंवा’च्या पुढचा भाग अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेला आहे. म्हणून बोट खाली घेतलेली असताना, म्हणजे कप्पीवरचा तो तुकडा बाहेर आलेला असताना, तो पुसून पाहायचा. जुने ग्रीस काढल्याशिवाय नवे लावायचे नाही.

प्रवाशांची हजेरी ही वेगळी परीक्षा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती, कारण तेव्हा चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच. आता बरेच प्रवासी फोनवर चित्रफीत पाहतात आणि नेमलेल्या जागी जाऊन नोंद करतात. सुटायच्या अर्ध्या तास आधी चार हजारांपैकी शंभर-दीडशे बाकी असतात. त्यांना शोधून आणणे सेफ्टी ऑफिसरच्या हाताखालच्या मंडळींकडे येते.

तपासण्यांचे थोडक्यात. अमेरिकी तटरक्षक दल परदेशी क्रूझ जहाजाची वर्षातून साधारण दोनदा परीक्षा घेते आणि आगीची व जहाजत्यागाची कवायत स्वतः पाहते. अमेरिकी आरोग्य खात्याची स्वच्छता तपासणी न सांगता येते. शंभरपैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. कचऱ्याबाबत कॅरिबियन हा १ मे २०११ पासून विशेष प्रदेश आहे: दळलेले अन्न सोडून काहीही समुद्रात टाकायचे नाही, तेही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत आणि पोर्तो रिको व अमेरिकी व्हर्जिन बेटांभोवती गंधक ०.१० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले इंधन जाळता येत नाही, म्हणून इंजिनवाल्यांना एका फेरीत दोन-तीनदा इंधन बदलावे लागते किंवा धूर धुणारी यंत्रणा चालवावी लागते. हद्द ओलांडल्याची वेळ ब्रिजवरून कळवायची. दारूबाबत एसटीसीडब्ल्यूची मर्यादा रक्तात ०.०५ टक्के आहे, कंपन्यांची त्याहून कडक. जहाजावर बार कितीही असोत, वॉचच्या अधिकाऱ्याने आपल्यासाठी ते बंद आहेत असेच समजावे.

चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. आपली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, साधारण त्याच दिवसांत येते. त्या काळात सुट्टी जुळवून घ्यायला प्रत्येक गोंयकार धडपडतो, पण अनुभवी माणूस जहाजावर हवा असतो तोही तेव्हाच. मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचा अहवाल दर सहा तासांनी येतो, किनाऱ्याजवळ त्याहून लवकर. तो आला की नकाशावर ३४ नॉट वाऱ्याचे वर्तुळ काढायचे. अंदाज चुकू शकतो, म्हणून चोवीस तासांनंतरच्या वर्तुळाला १०० सागरी मैल, अठ्ठेचाळीसनंतरच्याला २०० आणि बहात्तरनंतरच्याला ३०० मैल जोडायचे, आणि तयार झालेल्या पट्ट्यात शिरायचे नाही. पूर्वेची फेरी पश्चिमेला वळते ती अशी. प्रवाशांना घोषणेतून फक्त नवे बंदर कळते. ब्रिजवर मात्र संपूर्ण मार्ग धक्क्यापासून धक्क्यापर्यंत नव्याने आखावा लागतो, तपासावा लागतो, आणि तो ज्याने आखला त्याच्याखेरीज दुसऱ्याने पाहून सही करायची असते. हे काम विश्रांतीच्या तासांतूनच जाते.

हे सगळे वाचूनही ज्याला जायचे आहे, त्याने जरूर जावे. काम चांगले आहे आणि शिकण्यासारखे आहे. वाट अशी: बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन सरासरी ६० टक्के, इंग्रजीत ५० टक्के, मग भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा (नौकानयनशास्त्राचा), पदविका अभ्यासक्रम केला तर पुढे १८ महिने कॅडेट म्हणून समुद्र; तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी केली तर १२ महिने. त्यानंतर सेकंड मेटची, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीची, लेखी आणि तोंडी परीक्षा, मग सीओसी. फी भरण्याआधी एक काम करावे: डीजी शिपिंगने (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यावेत. रंगांधळेपणा असेल तर डेकची वाट बंद आहे, आणि ते फी भरल्यावर कळणे फार महाग पडते. भारतीय मुले साधारणतः आधी मालवाहू जहाजावर वा टँकरवर घडतात आणि मग क्रूझकडे वळतात. हा क्रम चांगला आहे, कारण पुढच्या परीक्षांना माल भरण्या-उतरवण्याचे ज्ञान लागते आणि ते क्रूझवर मिळत नाही. क्रूझला जाताना गर्दी आणि संकट व्यवस्थापनाचे वेगळे प्रशिक्षण लागते, तसेच जहाज ज्या देशाचा ध्वज लावते, बहामा, पनामा, बर्म्युडा वगैरे, त्या देशाची मान्यता आपल्या सीओसीला घ्यावी लागते. त्याच हुद्द्याला टँकरवर पगार बहुधा जास्त असतो, हेही मुलाला आधी सांगून ठेवावे.

आता पैशांबद्दल. सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून एक पैसाही घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (खलाशाचे सरकारी नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट हे खर्च आपले. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. अमेरिकेच्या सी-१/डी, म्हणजे जहाज कर्मचाऱ्यांच्या, व्हिसासाठी लाखभर मागणारा माणूस फसवतो आहे. एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजांसाठी माणसे भरती करण्याचा सरकारी परवाना, हवा. तिचे नाव, क्रमांक आणि मुदत डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहता येते. मूळ नोकरी-करार हातात पडल्याशिवाय विमानात बसू नये. घर किंवा भाट (बागायत) गहाण टाकून एजंटला पैसे दिल्याच्या गोष्टी आजही कानावर येतात, तेव्हा फार वाईट वाटते, कारण एवढी माहिती त्या घरात कोणी सांगितली असती तर ते टळले असते.

मुलाखतीत मुलाने हे विचारावे: एका वॉचला ब्रिजवर किती अधिकारी असतात? बारा ते चारच्या माणसाला सकाळच्या दोरांवर बोलावतात का? करार किती महिन्यांचा, आणि बदली माणूस वेळेवर आला नाही तर किती वाढतो? फेरी सात दिवसांची की तीन-चार दिवसांची? विश्रांतीची नोंद कोण तपासतो? असे प्रश्न विचारल्याने नोकरी जात नाही. चांगली कंपनी नेमके आकडे सांगते. ‘तिथे गेल्यावर कळेल’ असे उत्तर आले तर आमच्या मते तो करार सोडून द्यावा, मग पगाराचा आकडा काहीही असो. गोव्यात करिअर मेळावे भरवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींना हेच प्रश्न मंचावर सर्वांसमोर विचारावेत, ही विनंती.

आणि घरच्यांसाठी एक. आता जहाजावर उपग्रहाचे इंटरनेट आहे, त्यामुळे फोन कधीही लागतो, आणि झोप मोडण्याचे हे नवे कारण झाले आहे. पूर्व कॅरिबियन आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. हिवाळ्यात मायामी साडेदहा तास. सकाळी सातला पूजा आटोपून आई फोन लावते तेव्हा सेंट थॉमसला रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि बारा ते चारवाल्याचा तो एकमेव सहा तासांचा तुकडा मधोमध तुटतो. त्याच्यासाठी बरी वेळ म्हणजे आपली दुपारची दीड ते दोन, जेव्हा तिथे पहाटेचे चार वाजून तो नुकताच वॉचवरून उतरलेला असतो. चार ते आठवाल्याला सायंकाळी साडेपाच ते सहा. आठ ते बारावाल्याला रात्री साडेनऊ ते दहा. आठवड्यातून एकदा, प्रवासी बदलण्याच्या दिवशी, हजारो माणसे उतरतात, तेवढीच चढतात, इंधन आणि रसद भरायची असते, नव्या कर्मचाऱ्यांना सुटण्याआधी सुरक्षा शिकवायची असते. तो वार विचारून कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि त्या दिवशी फोन करू नये.

आपले नम्र,
दोन निवृत्त जहाज अधिकारी,
मुरगाव तालुका, गोवा